धोका टळल्याचा भोंगा

आमच्या गावातला सगळ्यात कमी बोलणारा माणूस भोंगा या नावाने ओळखला जायचा. हे नाव कुणी चिडवायला ठेवलं नव्हतं. अग्निशमन केंद्राच्या गच्चीवर आणि गावातल्या आणखी काही उंच इमारतींवर हवाई हल्ल्याची सूचना देणारे भोंगे बसवलेले होते आणि त्यांची देखभाल ते एकटे करत. मोठी माणसं त्यांना भोंगे म्हणत, लहान मुलं भोंगेकाका म्हणत, आणि त्यांची बायको चिडली की म्हणायची, "अहो भोंगे, एक शब्द तरी वाजा." पुढे ते माझे सासरे झाले, तरी माझ्या तोंडी काकाच राहिले.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी ते भोंगे वाजवून बघत. आधी धोक्याचा. तो खालून सुरू व्हायचा, वर चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. मग थोडी उसंत. मग सरळ, एका पट्टीतला, लांबलचक आवाज: धोका टळला. त्या सरळ आवाजावर बाजारातले दुकानदार शटर वर करत. इतर दिवशी काका शिडी घेऊन हिंडायचे, भोंग्यांच्या तोंडातली कबुतरांची घरटी काढायचे, बेअरिंगला ग्रीस भरायचे, गंज खरवडायचे. आवाज अडवायला कानांवर लावायचे जाड डबे त्यांच्या गळ्यात कायम लोंबकळत असायचे, जेवतानासुद्धा. काकू म्हणायच्या, "म्हणजे माझं ऐकायचं नाही याची आधीच तयारी."

एका सोमवारी धोक्याचा भोंगा वाजून झाला आणि आतलं काहीतरी जळलं. सरळ भोंगा वाजेना. चाचणी आहे हे गावाला माहीत होतं, सगळे आपापल्या कामाला लागले होते. काकांनी कोठीतला हाताने फिरवायचा लाल भोंगा जीपमध्ये टाकला आणि गल्लीगल्लीत जाऊन, खाली उतरून, तीन पायांचं तिकाटणं मांडून, हँडल फिरवून सरळ आवाज काढला. केंद्राचे साहेब वैतागले. "अहो, सगळ्यांना माहीत आहे चाचणी होती."

"ज्याला माहीत नाही त्याचं काय?" काका म्हणाले. त्या महिन्यातलं ते त्यांचं सगळ्यात लांब वाक्य असावं.

धोक्याचा वाजवला की टळल्याचा वाजवायचाच, हा त्यांचा नियम होता. नियम पुस्तकातही होता, पण पुस्तकातले नियम माणसं जशी पाळतात तसा ते तो पाळत नव्हते. ते तो हात धुण्यासारखा पाळत.

त्यांना एकच मुलगी. दिवसा ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची आणि संध्याकाळी आमच्या बँडमध्ये गायची. बँडमध्ये चौघे होतो. ढोल वाजवणारा सायकलच्या दुकानात पंक्चर काढायचा, त्याला आम्ही पंप म्हणायचो. गिटारवाला दातांच्या डॉक्टरकडे कवळ्या घडवायचा, म्हणून तो कवळी. मी रंगांच्या दुकानात डबे हलवायचो आणि ऑर्गन वाजवायचो. काका मला पेटीवाला म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणतात की कीव करून, हे मला लग्न होईपर्यंत कळलं नाही.

आम्ही जे वाजवायचो त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. म्हणजे काय, असं कुणी विचारलं की पंप सांगायचा, "गाणं संपलं असं वाटून तुम्ही टाळ्या वाजवता आणि ते संपलेलं नसतं, ते प्रोग्रेसिव्ह." सात मात्रांत सुरू झालेलं गाणं मध्येच अकरा मात्रांत जायचं, कवळीचा एकट्याचा तुकडा चालू असताना माणसं बाहेर जाऊन सिगरेट ओढून परत यायची, आणि तो चालूच असायचा.

ती वर्षं अणुबॉम्बची होती. वर्तमानपत्रांत नकाशे यायचे, शहरांभोवती वर्तुळं काढलेली. आतल्या वर्तुळात काय उरेल, त्याच्या बाहेरच्यात काय उरेल, त्याच्याही बाहेर किती दिवसांनी काय होईल. आमचं गाव कुठल्याच वर्तुळात नव्हतं, याचा पंपला अपमान वाटायचा. अशा काळात काकांच्या मुलीने एक गाणं रचलं. नाव 'जिन्याखाली'. पाच भागांचं, एवढं लांब की रेकॉर्डची एक अख्खी बाजू खाईल. पहिल्या भागात एक संध्याकाळ, भांडी घासणं, मुलांचे धडे. दुसऱ्यात भोंगा. तिसऱ्यात उजेड, म्हणजे आम्ही चौघे मिळून जेवढा आवाज काढू शकतो तेवढा, आणि तो एका क्षणात तोडायचा. चौथ्यात जिन्याखाली बसलेल्या एका बाईचं हळू आवाजातलं गाणं. आणि पाचवा भाग म्हणजे काहीच नाही. आम्ही वाद्यं हातात धरून उभं राहायचं, हलायचं नाही, आणि दिवे लागेपर्यंत तसंच थांबायचं.

भोंग्यासाठी आधी मी ऑर्गनवर बोट घसरवून पाहिलं. पंप म्हणाला, "मांजराच्या शेपटीवर पाय पडलाय." कवळीने गिटारवर काढला, तो आजारी बैलासारखा निघाला.

"घरात खरा असताना हे कशाला?" ती म्हणाली. "खरा वाजला की माणसाचे खांदे वर जातात. मला ते खांदे हवेत."

म्हणून एका रविवारी आम्ही चौघे काकांच्या घरी गेलो. घर केंद्राच्या मागेच, तीन खोल्यांचं. पुढच्या खोलीत काकू बायकांचे केस कापायच्या. तिथे एक खुर्ची, एक मोठा आरसा आणि कायम ओलसर टॉवेलांचा वास. काका मधल्या खोलीत एक बेअरिंग रॉकेलमध्ये धूत बसले होते.

"बाबा, आम्हाला हातभोंगा हवाय. आणि तो फिरवायला तुम्ही."

"कशाला?"

"गाण्यात."

काकांनी बेअरिंग फिरवून कानाशी नेलं, ऐकलं, पुन्हा बुडवलं. "कुठला वाजवायचा?"

"धोक्याचा."

"आणि सरळ कुठे येतो?"

"सरळ नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे बॉम्ब पडतो, बाबा. सगळं संपतं. सरळ वाजवायला कुणी उरतच नाही. तेच गाणं आहे."

काकांनी बेअरिंग रॉकेलमधून काढून फडक्यावर ठेवलं. 

"धोक्याचा वाजवून तसाच सोडता येत नाही," ते म्हणाले.

"खऱ्यात नाही येत. हे गाणं आहे."

"भोंगा खराच आहे ना?"

पंप मध्ये पडला. "काका, गाणं संपलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग वाजवा की सरळ. हवा तेवढा."

"नाही," ती म्हणाली. "ती शांतता हेच गाणं आहे. तिच्यावर काही वाजलं की त्याची करमणूक होते. लोक म्हणतील, चला, वाचलो."

"मग ती शांतता किती वेळ आहे?" काकांनी विचारलं.

"कायमची."

"मग भोंग्यालाही कायमचा नकार," काका म्हणाले आणि त्यांनी कानांवर डबे चढवले. बेअरिंगचा काही आवाज नव्हता.

पुढच्या खोलीतून काकू म्हणाल्या, "दोघं एकाच मातीची. हे बोलत नाहीत म्हणून आणि ही बोलते म्हणून, पण हलत एकही नाही."

पुढच्या महिन्यात कामगार हॉलमध्ये आमचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला होता. तिने दुसरं काही वाजवायला साफ नकार दिला. वाजलं तर हेच, आणि भोंग्यासकट. मी तिच्या प्रेमात होतो, हे तिला सोडून सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे मध्यस्थी माझ्या गळ्यात पडली. मी काकूंकडे गेलो.

"बस खुर्चीत," काकू म्हणाल्या. माझे केस तेव्हा खांद्याखाली होते. "थोडे कापू दे, मग सांगते. फुकट काही सांगत नाही मी."

मी बसलो. त्यांनी माझं डोकं पाण्याने ओलं केलं, मान खाली दाबली, आणि कात्री चालवत सांगायला लागल्या. त्यामुळे ही गोष्ट मी माझ्या गुडघ्यांकडे बघत ऐकली.

मागच्या युद्धात काका सहा-सात वर्षांचे होते. वडील नव्हते. आई त्यांना घेऊन नुकतीच या गावात राहायला आली होती, एका इमारतीच्या तळमजल्यावर, ओळखीचं कुणी नाही. तिला एवढं सांगितलेलं होतं की चढउताराचा भोंगा झाला की जिन्याखालच्या कोठडीत शिरायचं आणि सरळ भोंगा होईपर्यंत बाहेर यायचं नाही. एका संध्याकाळी भोंगा झाला. ती मुलाला घेऊन शिरली. विमानं आली, दूर कुठेतरी आवाज झाले, विमानं गेली. एक बॉम्ब वीजघरावर पडला होता. वीज नाही, म्हणून सरळ भोंगा वाजलाच नाही. बाकीची माणसं शेजाऱ्यांचं बघून बाहेर आली, एकमेकांना हाका मारल्या, घरी गेली. हिला हाक मारायला कुणी नव्हतं. ती बसून राहिली. ती रात्र, दुसरा दिवस, दुसरी रात्र. पाणी संपलं. वर पावलं वाजत होती, पण कुणाची ते कसं कळणार. तिसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याने मुलाचं खोकणं ऐकलं आणि दार ओढलं. म्हणाला, "अहो बाई, हे केव्हाच संपलं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"सासूबाई तेच वाक्य सांगायच्या," काकू म्हणाल्या. "उपाशी राहिले, तहानले, ते नाही सांगायच्या. कुणी सांगितलं नाही का, एवढंच. मान वर कर." त्यांनी आरशात माझ्याकडे पाहिलं. "हे मोठे झाले आणि सरळ भोंग्याच्या नोकरीलाच गेले. दुसरं काही मिळत नव्हतं असं नाही. आता तू ह्यांना सांग, वाजव आणि सोड म्हणून. मी तर सांगणार नाही."

"हे तिला माहीत आहे?"

"तिला? तिला तर सासूबाईंनी माझ्यापेक्षा जास्त सांगितलंय. आजीच्या कुशीत झोपलेली मुलगी ती. माहीत नाही ते ह्यांना. पोरगी कशावर गाते हे ह्यांनी कधी विचारलं नाही आणि तुमच्या त्या कोलाहलात शब्द कुणाला कळतात?"

मी अर्धे केस गमावून बाहेर पडलो.

आमचा सराव टायरच्या गोदामात व्हायचा. एका शनिवारी दुपारी मी काकांना तिथे घेऊन आलो. नकार द्यायचा तर गाणं एकदा ऐकून द्या, एवढंच मी म्हणालो होतो. ते एका ट्रकच्या टायरवर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. पंपने काठ्या वर केल्या तशी त्यांनी कानांवर डबे चढवले.

संध्याकाळ झाली, भांडी घासून झाली. भोंग्याच्या जागी मी ऑर्गनवर ते मांजर वाजवलं. काकांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग उजेड. गोदामाचा पत्रा थरथरला, कवळीच्या ॲम्प्लिफायरवरचा चहाचा कप सरकत सरकत खाली पडला. आणि तिने हात वर केला, आम्ही आवाज तोडला.

पत्र्याचं थरथरणं थांबलं हे बहुतेक त्यांना ढुंगणाखालच्या टायरमधून कळलं असावं. त्यांनी डबे काढून गळ्यात घेतले. ती गात होती. साथ जवळजवळ नव्हतीच, मी एक सूर धरून ठेवला होता. शब्द असे होते की बाई अंधारात मुलाला गोष्ट सांगते, गोष्ट संपते, ती तीच पुन्हा सांगते. मग मूल गोष्ट ऐकायचं थांबतं. ते भिंतीकडे तोंड करून बसतं आणि भिंतीची ओल चाटतं. बाईला ते ऐकू येतं. ती काही म्हणत नाही, कारण तिला वाटतं, त्याला वाटतंय की आपण हे चोरून करतोय. ती फक्त सरकून बसते, म्हणजे ओलीची बाजू त्याला मोकळी मिळेल.

मग काहीच नाही. आम्ही उभे राहिलो. गोदामाबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

ही शांतता तोडायचा आमच्यात कुणाला अधिकार नव्हता. ती काकांनी तोडली.

"भिंतीचं तुला कुणी सांगितलं?"

"आजीने."

"तिला माहीत होतं?"

"हो."

काका उठले. टायरला हात लावून उभे राहिले. त्यांना आईने कधीच काही म्हटलं नव्हतं, आणि त्यांनीही तिला कधी सांगितलं नव्हतं. आयुष्यभर दोघांनी एकमेकांपासून ती ओली भिंत लपवून ठेवली होती. आम्ही तिघे उगाच आपापल्या वायरी पाहू लागलो.

"बरोबर आहे," ते मुलीला म्हणाले. "शेवटी काही वाजत नाही. तसंच होतं."

"मग वाजवाल?"

"वाजवीन." ते दारापर्यंत गेले, मग वळले. "गाण्याला मी हात लावणार नाही. गाण्याच्या बाहेर काय करायचं ते मी बघीन. पेटीवाल्याला म्हणावं, ते मांजर सोडून दे."

कार्यक्रमाच्या दिवशी ते इस्त्रीच्या गणवेशात आले. पंप म्हणाला, "काका, आमच्यात सगळ्यात रॉकस्टार तुम्हीच दिसताय." लाल भोंगा त्यांनी स्वतः पुसून मंचाच्या डाव्या कडेला मांडला, तिकाटण्याचे पाय रेतीच्या पिशव्यांनी दाबले, आणि लोक येईपर्यंत त्याच्याशेजारी उभे राहिले, जणू कुणी तो पळवून नेणार होतं.

हॉल भरला होता. बहुतेक आमच्याच वयाचे, पण मागे काही म्हातारी माणसंही होती, काकूंच्या गिऱ्हाइकांपैकी. दुसऱ्या भागात तिने मान वळवून बाबांकडे पाहिलं आणि काकांनी हँडल फिरवायला घेतलं. मी तो आवाज लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण छताखाली कधी ऐकला नव्हता. तो भिंतींना लागून परत यायचा आणि स्वतःवरच चढायचा. खांदे वर गेले. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने शेजाऱ्याचा हात धरला, आणि नंतर कळलं, तो तिच्या ओळखीचा नव्हता. मग उजेड, मग जिना, मग ती शांतता.

ती खूप वेळ टिकली. कुणी टाळी वाजवली नाही. कुणी खोकलं नाही. दिवे लागले तेव्हाही लोक बसून होते, आणि मग एकेक जण उठायला लागला, खुर्च्यांचा आवाज होणार नाही असा. टाळ्या झाल्याच नाहीत. कवळी मला कुजबुजला, "आवडलं की नाही रे यांना?" मी मंचाच्या डाव्या कडेकडे पाहिलं. भोंगा होता, काका नव्हते.

हॉलला बाहेर जायचं एकच दार होतं. काका तिथे उभे होते. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ते काहीतरी सांगत होते. जो माणूस दोन वाक्यं सलग क्वचितच बोलायचा तो दारात उभा राहून अख्ख्या हॉलशी बोलत होता, एकेकाशी, थांबून, तोंडाकडे बघून. मी जवळ गेलो तेव्हा ऐकू आलं.

"झालं. संपलं ते. जा घरी."

एकाने त्यांना दारवान समजून तिकीट दाखवलं. काकांनी तिकिटाकडे पाहिलंसुद्धा नाही. "झालं. जा घरी."

एक केसाळ पोरगा हसला. "काका, गाणं होतं ते."

"माहीत आहे. तरी सांगतो."

पोरगा दोन पावलं गेला, थांबला, मागे वळून म्हणाला, "थँक्यू." तो चेष्टेत म्हणाला नव्हता.

काकूंची एक गिऱ्हाईक, पिकल्या केसांची बाई, त्यांचा हात धरून नुसतीच उभी राहिली. काकांनी तिलाही तेच सांगितलं, त्याच आवाजात, कमी नाही, जास्त नाही. मला वाटतं तो एका पट्टीतला होता.

त्यांची मुलगी मात्र भडकली. वायरी गुंडाळून झाल्यावर ती त्यांच्यासमोर उभी राहिली. "तुम्ही माझं गाणं दारात पुसून टाकलंत."

"गाणं मी ऐकलं. लागलं मला," काका म्हणाले. "ते तुझं आहे. पण भोंगा माझ्या हाताने वाजला."

"लोकांनी ते घरी न्यायला हवं होतं. झोप लागायला नको होती त्यांना."

"मी झोपा म्हणालो नाही. घरी जा म्हणालो."

घरी जाताना जीपमध्ये दोघं एकमेकांशी थेट बोलेनात. काकू मध्ये बसल्या होत्या. "हिला विचार, खिडकी लावू का," काका म्हणाले. "ह्यांना सांग, मला हात आहेत," ती म्हणाली. काकूंनी दोघांचेही निरोप पोचवायला नकार दिला आणि डोळे मिटून घेतले.

पण गाणं गाजलं, आमच्या बेताच्या जगात जेवढं गाजू शकतं तेवढं. दुसऱ्या गावांतून बोलावणी आली. काका रजा टाकून यायचे, मांडीवर भोंगा घेऊन बसमध्ये बसायचे. वाजवायचे आणि दारात जाऊन उभे राहायचे. ती काही म्हणायची नाही, पण मंचाच्या मागच्या बाजूने निघून जायची, म्हणजे दाराशी काय चाललंय ते बघायला नको. माझं आणि तिचं त्याच दिवसांत जमलं. पंपच्या मते मी केस कापल्यामुळे.

मधे रेकॉर्ड निघायची वेळ आली, तेव्हा काकांनी भोंगा द्यायला नकार दिला. "रेकॉर्ड ऐकणाऱ्याच्या दारात कोण उभं राहणार?"  म्हणून त्या रेकॉर्डवर भोंग्याच्या जागी माझा ऑर्गन आहे. एका परीक्षणात लिहून आलं की बाकी सगळं ठीक, पण भोंग्याच्या जागी एखादं जनावर का ओरडतं ते कळत नाही. काकांनी ते परीक्षण काकूंना मोठ्याने वाचून दाखवलं. एवढे खुश मी त्यांना क्वचितच पाहिले.

सगळ्यात मोठा कार्यक्रम झाला तो एका जुन्या नाट्यगृहात, शेजारच्या शहरात. त्या आठवड्यात बातम्या वाईट होत्या. कुठल्याशा समुद्रात कुणाची तरी जहाजं समोरासमोर उभी होती आणि दुकानांतून मेणबत्त्या संपल्या होत्या. लोक तिकिटावाचून आत शिरले, जिन्यांवर बसले. भोंगा वाजला तेव्हा मला ऑर्गनवर माझी बोटं दिसत होती आणि ती माझी वाटत नव्हती. त्या रात्री शांतता सुरू झाली आणि मी पहिल्यांदाच घाबरलो. हे गाणं आहे, हे मीच लोकांबरोबर विसरलो होतो.

दिवे लागले. आणि तेव्हा लक्षात आलं की या नाट्यगृहाला दोन दारं आहेत. एक डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये खुर्च्यांच्या रांगाच रांगा.

काका डाव्या दाराशी पोचले होते. तिथे चार-पाच जणांना त्यांनी सांगितलं, मग उजवीकडे पाहिलं. तिथून माणसं नुसतीच बाहेर पडत होती. काका रांगांमधून वाट काढत उजवीकडे निघाले. गुडघा दुखत होता त्यांचा त्या दिवसांत. ते उजवीकडे पोचेपर्यंत तिथली बरीच माणसं निघून गेली होती आणि डावीकडे गर्दी झाली होती. ते पुन्हा वळले. गणवेशाची टोपी हातात, कपाळावर घाम, "जरा थांबा, जरा थांबा" म्हणत एक म्हातारा माणूस खुर्च्यांना आपटत धावत होता. काही पोरं त्यांच्याकडे बघून हसली. काहींना वाटलं, आग लागली.

ती मंचावर माझ्या शेजारी उभी होती. रोजच्यासारखी मागच्या बाजूने जायला वळलेली, पण गेली नव्हती. माइकची वायर तिच्या हातात अर्धी गुंडाळलेली होती.

"गुडघ्याची वाट लावून घेतील," ती म्हणाली.

मी म्हणालो, "मी जातो उजवीकडे."

"तुला ते जमणार नाही. तू माफी मागितल्यासारखं बोलतोस."

तिने वायर माझ्या हातात दिली, मंचावरून खाली उडी मारली आणि सरळ उजव्या दाराकडे गेली. पाच भाग गाऊन तिचा आवाज बसला होता. पहिल्या माणसाला ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. दुसऱ्याला ऐकू आलं.

"झालं. संपलं ते. जा घरी."

काका अर्ध्या वाटेत थांबले. त्यांनी उजव्या दाराकडे पाहिलं, टोपी डोक्यावर घातली आणि डाव्या दाराकडे परत गेले. आता ते चालत गेले.

लोक ओळीने बाहेर पडत होते. मी वायरी गोळा करत करत उजव्या बाजूला सरकलो, म्हणजे ऐकू येईल. ज्या मुलीने आत्ताच या लोकांना सगळं संपल्याचं गाऊन दाखवलं होतं, तीच आता एकेकाच्या तोंडाकडे बघून त्यांना घरी पाठवत होती. काही जण मान हलवून जात होते. काही गाण्याचं कौतुक करत होते, ते ती ऐकत नव्हती. पुढच्याकडे वळत होती. शेवटच्यांपैकी एक जण होता मुलाला कडेवर घेतलेला तरुण बाप. मूल झोपलं होतं. बापाला झोपेचा पत्ता नसावा बऱ्याच दिवसांचा.

"झालं," ती म्हणाली. "जा घरी."

तो गेला नाही. गाण्याबद्दल काही बोलला नाही. एवढंच विचारलं, "नक्की ना?"

तिने समोर पाहिलं. सगळ्या रिकाम्या खुर्च्यांच्या पलीकडे तिचे बाबा कुणाच्या तरी हातावर थोपटत होते, त्यांचं इकडे लक्ष नव्हतं. ती पुन्हा त्या माणसाकडे वळली. तिच्याइतका खरं बोलायचा हट्ट धरणारं माणूस मी पाहिलेलं नाही, आणि ती काय म्हणेल याची मला धास्ती वाटली.

"आत्ता तरी," ती म्हणाली. "आत्ता घरी जा."

त्याने मान हलवली, मुलाचं डोकं खांद्यावर नीट घेतलं आणि तो बाहेर पडला.